थायरॉइडची गोळी चालू आहे, तरी हातपायांना मुंग्या का?



वस्तीत आरोग्य शिबिर घेतले की एक तक्रार आम्हाला हमखास ऐकू येते. "सिस्टर, थायरॉइडची गोळी दोन वर्षं चालू आहे. रिपोर्ट नॉर्मल आलाय म्हणतात. तरी रात्री तळपायांची आग होते, हाताला मुंग्या येतात, मधूनच करंट बसल्यासारखं होतं." सांगणारी बहुतेक वेळा बाई असते, कारण थायरॉइडचा आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त आढळतो. ती धुणीभांडी करते, शिलाई करते, झाडलोट करते. हात बधिर झाला की तिची रोजची कमाई अडते.

तिला तीन ठिकाणांहून तीन सल्ले मिळतात. शेजारीण म्हणते, "गोळीच बाधली असेल, सोडून दे." गल्लीतला दवाखानावाला म्हणतो, "अशक्तपणा आहे, एक सलाईन लावू." मोठ्या दवाखान्यात गर्दी असते. तिथे सांगतात, "रिपोर्ट चांगला आहे, टेन्शन घेऊ नका." दुखणे का होते, हे तिघांपैकी कोणीच शोधलेले नसते.

आजच्या पाठात आपण ते कसे शोधायचे ते शिकू. सगळ्या पाठाचे सार दोन वाक्यांत सांगतो : गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि कारण सापडेपर्यंत विचारणे सोडायचे नाही.

"नस दुखते" म्हणजे काय?

आपण बोलताना रक्ताच्या नळीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. या पाठात नस म्हणजे मज्जातंतू. विजेच्या वायरसारखे हे तंतू मेंदू आणि मणक्यातून निघून हातापायांच्या बोटांपर्यंत जातात. स्पर्श, ऊन, गार, दुखणे यांची खबर ते वर नेतात आणि हालचालीचा हुकूम खाली आणतात.

वायरचे आवरण खराब झाले, वायर कुठे दबली, किंवा तिला लागणारे पोषण मिळाले नाही, तर चुकीच्या खबरा जाऊ लागतात. काही लागलेले नसताना टोचते. पाय गार असताना आग होते. मुंग्या येतात, चमक निघते, चालताना पायाखाली कापूस असल्यासारखे वाटते. पुढे पुढे बधिरपणा येतो, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही.

सांधा दुखणे, स्नायू दुखणे आणि नस दुखणे यांत फरक आहे. म्हणून डॉक्टरांना नुसते "अंग दुखतं" असे सांगू नका. आग होते की टोचते, मुंग्या येतात की बधिर होते, ते आपल्या शब्दांत सांगा. त्या शब्दांवरून अर्धा तपास होतो.

गोळी शरीरात काय करते?

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. शरीराचे काम कोणत्या वेगाने चालावे हे तिच्या रसावर ठरते. रस कमी पडला की थकवा, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, थंडी सहन न होणे, वजन वाढणे, पाळीत बिघाड असे त्रास सुरू होतात. तो रस बाहेरून देण्यासाठी लेव्होथायरॉक्सिनची गोळी असते. ग्रंथी स्वतः जे थायरॉक्सिन बनवते तेच या गोळीत असते. म्हणून योग्य मात्रेत घेतलेली गोळी सहसा नसांना इजा करत नाही.

रक्तातला टीएसएच हा आकडा पुष्कळांना उलटा कळतो. मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी आहे, तिला मुकादम समजा. थायरॉइडचे काम कमी पडले की मुकादम ओरडतो आणि काम जास्त झाले की गप्प बसतो. टीएसएच म्हणजे त्या मुकादमाचा आवाज. टीएसएच वाढला म्हणजे रस कमी पडतो आहे. टीएसएच फार खाली गेला म्हणजे गोळी जास्त होते आहे. मोठ्या माणसांत साधारण ०.४ ते ४ च्या आसपासचा आकडा नॉर्मल धरतात. प्रत्येक लॅबची हद्द थोडी वेगळी असते आणि ती रिपोर्टवर छापलेली असते. गरोदरपणाची हद्दही वेगळी असते.

आता शेजारणीच्या सल्ल्याकडे येऊ. "चार दिवस गोळी सोडली आणि बरं वाटलं," असे बऱ्याच जणी सांगतात. हे गोळीच्या विरुद्ध पुरावा म्हणून धरता येत नाही. शरीरातले थायरॉक्सिन निम्म्यावर यायला सुमारे ७ दिवस लागतात. चार दिवसांत औषध पुरते उतरलेलेही नसते. नसेचे दुखणे मुळातच कमी-जास्त होते. एखादी रात्र चांगली जाते, एखादी वाईट. चांगली रात्र नेमकी त्या चार दिवसांत आली, एवढेच. उलट, गोळी महिनोन्महिने बंद राहिली तर थायरॉइडचा आजार परत डोके वर काढतो आणि त्याने नसांना त्रास होतो तो वेगळाच.

पहिली पायरी : गोळी अंगी लागते का?

गोळी घेणे वेगळे आणि ती अंगी लागणे वेगळे. ही गोळी फार नाजूक आहे. पोटात दुसरे काही असले की ती नीट शोषली जात नाही. म्हणून हे नियम पाळा.

• सकाळी उठल्यावर अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास एक तास, चहा किंवा न्याहारी घेऊ नका.
• पहाटे पाचला कामावर निघणाऱ्या बाईला चहाशिवाय निघवत नाही, हे आम्हाला माहीत आहे. अशा वेळी गोळीची बाटली आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा. डोळे उघडल्याबरोबर गोळी घ्या, मग चूल, पाणी आणि आंघोळ. चहापर्यंत अर्धा तास सहज जातो.
• सकाळी जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्रीची वेळ ठरवता येते. पण जेवण होऊन ३ तास झालेले हवेत.
• लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीचे पातळ औषध यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत ४ तासांचे अंतर ठेवा. गरोदर भगिनींना सरकारी दवाखान्यातून लोह आणि कॅल्शियम मिळते, त्यांनी हे खास लक्षात ठेवावे. गरोदरपणात थायरॉइडच्या गोळीची गरज बहुधा वाढते. त्यामुळे दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगा, गोळी थांबवू नका.
• बाटली गॅसजवळ, खिडकीच्या उन्हात किंवा पत्र्याला लागून असलेल्या फळीवर ठेवू नका. उष्णता आणि दमट हवा यांनी औषधाचा जोर कमी होतो. झाकण घट्ट लावा.
• कंपनी बदलली किंवा डोस बदलला तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासा. त्याआधी तपासल्यास खरे चित्र दिसत नाही.

या पायरीवरच पुष्कळांचे उत्तर सापडते. डोस कागदावर पुरेसा असतो, पण चहाबरोबर घेतल्याने शरीराला कमी मिळतो.

दुसरी पायरी : आकडा सुधारला, नसा अजून सुधारायच्या आहेत का?

थायरॉइड बराच काळ कमी राहिले असेल तर नसांवर त्याचा परिणाम झालेला असतो. गोळी सुरू झाली की टीएसएच काही आठवड्यांत खाली येतो, पण नसेची दुरुस्ती सावकाश होते. तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर. पायाच्या बोटापर्यंत पोहोचायला किती महिने लागतील, याचा हिशेब आपणच करावा.

म्हणून टीएसएच नुकताच नॉर्मल झाला असेल आणि त्रास हळूहळू कमी होत असेल, तर धीर धरायला हरकत नाही. पण आकडा नॉर्मल येऊन सहा महिने उलटले तरी त्रास तसाच असेल, किंवा वाढत असेल, तर थायरॉइडला दोष देत बसू नका. दुसरे कारण शोधायला हवे. एका माणसाला दोन आजार असू शकतात.

तिसरी पायरी : त्रास कुठे होतो ते पाहा

फक्त हात, तेही रात्री. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात, करंगळी मात्र मोकळी असते. रात्री जाग येते, हात झटकला की बरे वाटते. हे मनगटातल्या नसेवर दाब आल्याचे लक्षण आहे. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून नस जाते. थायरॉइड कमी असले की तिथे सूज येते आणि नस दबते. मधुमेह, गरोदरपण आणि पिळण्या-घासण्याचे, शिलाईचे काम यांनीही दबते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधला तर पुष्कळांना आराम पडतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग खपाटीला गेला, हातातून वस्तू पडू लागल्या, तर उशीर करू नका. अशा वेळी छोटे ऑपरेशन लागू शकते.

दोन्ही तळपाय, मग वर वर. मोजा घालावा तसा त्रास पायाच्या बोटांपासून वर चढत असेल तर दोन कारणे आधी तपासा. एक साखर, दुसरे बी-१२ जीवनसत्त्व.

मधुमेह हे अशा दुखण्याचे फार मोठे कारण आहे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्यापेक्षा जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.५ किंवा त्यापेक्षा जास्त आली तर मधुमेह धरतात. पक्के करण्यासाठी तपासणी पुन्हा करतात.

बी-१२ चे थायरॉइडशी जवळचे नाते आहे. पुष्कळांच्या थायरॉइडच्या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते. असा आजार असणाऱ्यांपैकी काहींमध्ये तीच यंत्रणा जठरावरही हल्ला करते. मग खाल्लेल्या अन्नातले बी-१२ शरीरात उतरतच नाही. म्हणून "मी तर अंडी, मासळी खाते, मला कसं कमी पडेल?" असे म्हणून ही तपासणी टाळू नका. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी आणि ॲसिडिटीची रोजची गोळी वर्षानुवर्षे घेतली तरीही बी-१२ कमी होते.

बी-१२ कमी पडले की मुंग्या, जळजळ, तोल जाणे, विसरभोळेपणा, जीभ लाल होऊन झोंबणे असे त्रास होतात. फार काळ दुर्लक्ष झाले तर नसांचे नुकसान कायमचे राहू शकते. उपचार साधा आहे, इंजेक्शन किंवा गोळ्या. पण रक्ताची तपासणी इंजेक्शनच्या आधी करा. इंजेक्शन घेतल्यावर आकडा वर जातो आणि मूळ कमतरता झाकली जाते. नुसती फॉलिक ॲसिडची गोळी घेतली तरी फसगत होते. तिने रक्त सुधारते, नसांचे नुकसान मात्र आतल्या आत चालू राहते.

आहारात दूध, दही, अंडी, मासळी, मटण, कलेजी यांत बी-१२ असते. सुकट-बोंबीलही चालतात. भाजी, डाळ, भाकरी यांत ते नसते.

कातडीवर चट्टा आणि तिथे बधिरपणा. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि कापसाच्या बोळ्याचा स्पर्श तिथे कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. भारतात कुष्ठरोगाचे प्रमाण दर १०,००० लोकांत एकाच्या खाली आले, असे २००५ साली जाहीर झाले. पण आजार संपलेला नाही. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही आपल्याच देशात सापडतात. हा रोग एका जंतूमुळे होतो. तो जंतू नॉर्वेचे डॉ. हान्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. पापाचा किंवा पूर्वजन्माचा त्याच्याशी काही संबंध नाही. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते, ६ किंवा १२ महिने घ्यावे लागते, आणि वेळेत घेतले तर हातपाय वाकडे होत नाहीत.

अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग. दोन-तीन दिवसांनी त्याच जागी पाण्याचे फोड आले तर ती नागीण. कांजिण्यांचा विषाणू नसेत दबा धरून बसलेला असतो, तो पुन्हा जागा होतो. "नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो" हे खोटे आहे. भगताकडे लेप लावण्यात दिवस घालवू नका. विषाणूवरचे औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर चांगला उपयोग होतो.

मानेतून हातात, कमरेतून पायात जाणारी चमक. मणक्यातून निघणारी नस दबली की असे होते. ओझे उचलणाऱ्यांत, वाकून काम करणाऱ्यांत हे दिसते. थायरॉइडचा इथे संबंध नसतो.

चालू असलेली दुसरी औषधे आणि दारू. टीबीच्या औषधातल्या आयसोनियाझिडमुळे मुंग्या येऊ शकतात. त्यासाठी सोबत बी-६ ची गोळी देतात. टीबीचे औषध बंद करू नका, पण त्रास जरूर सांगा. रोजची दारू नसा जाळते. घरातल्या पुरुषाच्या पायांची आग होत असेल तर हेही स्पष्ट बोला.

थायरॉइडचे ऑपरेशन झाले असेल तर. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, हाताची बोटे आकडणे, पेटके येणे हे रक्तात कॅल्शियम घटल्याचे लक्षण आहे. थायरॉइडला चिकटून चार छोट्या ग्रंथी असतात, त्या कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसू शकतो. असे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डोस जास्त झाला असेल तर. छाती धडधडणे, हात थरथरणे, घाम, जुलाब, झोप न लागणे, जिना चढताना मांड्यांत जोर नसणे ही लक्षणे दिसतात. टीएसएच तपासून डॉक्टर डोस कमी करतात. इथेही गोळी आपण होऊन सोडायची नाही.

ताकदीच्या कॅप्सूलचा फसवा कारभार

मेडिकलवाल्याकडे "नसांची ताकदीची गोळी" मागितली की लगेच मिळते. त्यात बी गटातली अनेक जीवनसत्त्वे असतात. त्याबद्दल दोन गोष्टी माहीत असायला हव्यात.

पहिली. अशा कॅप्सूलमध्ये पुष्कळदा बायोटिन असते. केस-नखांच्या गोळ्यांत तर ते जास्त असते. बायोटिनमुळे काही लॅबमधल्या मशीनवर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येतो. टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि टी-४ खोटाच जास्त दिसतो. मग डॉक्टरांना वाटते डोस जास्त होतोय, आणि ते चांगला चाललेला डोस कमी करतात. म्हणून रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी ही कॅप्सूल थांबवा आणि ती घेत असल्याचे डॉक्टरांना सांगा.

दुसरी. बी-६ जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतले तर त्यानेच नसा खराब होतात. मुंग्यांसाठी घेतलेली गोळी मुंग्या वाढवू शकते. टीबीच्या रुग्णाला डॉक्टर ठरवून देतात ती मात्रा वेगळी, आणि आपण दुकानातून आणून महिनोन्महिने खातो ती वेगळी.

दर आठवड्याची सलाईन, स्टेरॉइडचे इंजेक्शन, रोजची दुखण्यावरची गोळी यांनीही कारण सापडत नाही. साध्या दुखण्याच्या गोळ्यांचा नसेच्या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही आणि रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. नसेच्या दुखण्यासाठी वेगळी औषधे आहेत. ती डॉक्टर लिहून देतात, डोस हळूहळू वाढवतात, आणि बंद करतानाही हळूहळूच करतात.

एक उदाहरण

शिवणकाम करणाऱ्या एका ताईंची गोष्ट आम्ही पाहिलेली आहे. तीन वर्षे थायरॉइडची गोळी चालू. तळपायांची आग, उजव्या हाताला मुंग्या. त्या गोळी चहाबरोबर घेत आणि वर ॲसिडिटीची गोळी रोज. आधी गोळीची वेळ बदलली. मग साखर तपासली, ती ठीक होती. बी-१२ तपासले, ते फार कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली आणि तीन-चार महिन्यांत पायांची आग पुष्कळ उतरली. हाताच्या मुंग्या मात्र राहिल्या. कारण हाताचे दुखणे वेगळे होते, मनगटातली नस दबलेली होती. पट्टा बांधल्यावर रात्रीची झोप परत आली. एकाच बाईच्या एकाच तक्रारीत तीन कारणे होती. "टेन्शन आहे" म्हणून सोडून दिले असते तर तिन्ही राहून गेली असती.

मनावरचा ताण दुखणे वाढवतो हे खरे आहे. पण ताण हे निदान शेवटी येते, तपासण्या झाल्यावर. वस्तीतली बाई आहे म्हणून तिला ते पहिल्या मिनिटाला ऐकवले जात असेल तर शांतपणे म्हणा, "डॉक्टर, माझ्या पायांची संवेदना तपासून बघता का?" ट्यूनिंग फोर्क, कापूस आणि छोटी हातोडी एवढ्यावर ही तपासणी होते. तिला पाच-दहा मिनिटे पुरतात.

दवाखान्यात जाताना

एक वही करा. मुलीला, सुनेला, नातवाला लिहायला सांगा.

१. त्रास कधीपासून, कुठे, दिवसा की रात्री, वाढतो की कमी होतो.
२. थायरॉइडची गोळी किती मायक्रोग्रॅमची, कधी आणि कशाबरोबर घेता.
३. बाकी सगळी औषधे. कॅप्सूल, काढा, वैदूची पुडी, सगळे. रिकामी पाकिटे सोबत न्या.
४. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले.

आणि हे प्रश्न विचारा : माझा टीएसएच किती आहे? साखर, बी-१२, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाची तपासणी करावी का? मनगट किंवा मणक्यात नस दबली आहे का? नसांच्या वेगाची तपासणी महाग असते, ती सुरुवातीलाच नको. साध्या तपासण्यांत उत्तर मिळाले नाही तर ती करतात.

पैशाअभावी तपासणी थांबवू नका. महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा शहरातला 'आपला दवाखाना' इथे आधी विचारा. आशाताईंना सोबत घ्या. थायरॉक्सिन हे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जनऔषधी केंद्रातही त्याची चौकशी करा.

थांबायचे नाही अशी लक्षणे

पुढीलपैकी काहीही झाले तर वही शोधत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

• तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोबडे बोलणे.
• लघवी-संडासवरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे.
• काही दिवसांत पायातला जोर जाऊन तो अशक्तपणा वर वर चढणे, गिळायला किंवा श्वासाला त्रास. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुलियन बॅरे आजाराचे अनेक रुग्ण सापडले, त्यात असेच होते. दूषित पाण्यातून येणाऱ्या जंतूशी त्याचा संबंध आढळला.
• पायाला जखम होऊन काळी पडणे किंवा वास येणे.

घरी घ्यायची काळजी

पाय बधिर असेल तर गरम पाण्याचा शेक किंवा गरम विटेचा शेक घेऊ नका, भाजलेले कळत नाही. रोज रात्री तळपाय पाहा. दिसत नसेल तर खाली आरसा ठेवा किंवा घरच्यांना पाहायला सांगा. अनवाणी चालू नका, चप्पल घालण्याआधी ती झटका. तंबाखू, मिश्री आणि दारू सोडा. सलग शिलाई किंवा भांडी करताना अधूनमधून मनगट सैल सोडा.

उजळणी

मंडळाच्या बैठकीत हा पाठ एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी या प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

१. टीएसएच वाढला म्हणजे गोळी जास्त झाली की कमी पडते?
२. थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी यांत किती तासांचे अंतर हवे?
३. बी-१२ ची तपासणी इंजेक्शनच्या आधी का करायची?
४. रक्त देण्याआधी कोणती कॅप्सूल थांबवायची आणि किती दिवस?
५. करंगळी सोडून बाकी बोटांना रात्री मुंग्या येतात, तर नस कुठे दबली असेल?

थायरॉइडची गोळी घेणाऱ्या किती जणी आपल्या गल्लीत आहेत, ते याच बैठकीत मोजा. त्यांपैकी कोणाकोणाचे हातपाय जळतात ते विचारा. ज्यांची बी-१२ आणि साखरेची तपासणी एकदाही झालेली नाही, त्यांची नावे लिहा आणि येत्या सोमवारी सगळ्या मिळून सरकारी दवाखान्यात जा. एकटीला रांगेतून परत पाठवणे सोपे असते, दहा जणींना परत पाठवणे अवघड जाते. जाताना रिपोर्ट ठेवायला पिशवी घ्या, आणि सकाळची थायरॉइडची गोळी चुकवू नका.